आडवं व्हायला जागा

अक्कलकोटकडून सोलापूरला रोज पॅसेंजरने नोकरीला येणाऱ्या आम्हा बायकांच्या डब्यात अक्का आठवड्यातून तीनदा असायची. नोकरीला नव्हे, डायलिसिसला. सकाळी आमच्यासारखीच बसून यायची. संध्याकाळी परतताना मात्र तिच्यात जीव उरलेला नसायचा. मग एक अख्खं बाकडं तिचं. त्यावरच्या बायका न सांगता उठायच्या, समोरच्यांना "सरका की जरा" म्हणत दाटीवाटीने टेकायच्या, नाहीतर उभ्या राहायच्या. दिवसभर कारकुनी करून माझीही कंबर मोडलेली असायची. खोटं कशाला बोलू, कधीकधी अक्काचा रागही यायचा. पण उठायचे.

यंदा नवे डबे आले. पांढरेशुभ्र दिवे, मोबाइलला चार्जिंग, धरायला वरून लोंबणाऱ्या कड्या. आम्ही हरखून गेलो. दाराला झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडायचा मान अक्काला दिला, सगळ्यांत वडीलधारी तीच. खोबरं वाटता वाटता सोलापूर कधी आलं ते कळलंच नाही.

संध्याकाळी अक्का आली आणि सीटांपुढे उभीच राहिली. प्रत्येकीची बैठक वेगळी, खोलगट, आणि दोन सीटांच्या मध्ये हात टेकायला लोखंडी दांडा. तो काही वर होईना. सरकायचं तरी कुठे? एकजण म्हणाली, "माजी शाल हातरते की खाली." पण खाली चिखलाच्या चपला आणि जाणारे-येणारे. शेवटी तिला बसवलं. होटगी येईपर्यंत तिची मान सारखी पुढे कोसळत होती. मी ती हाताने धरून ठेवली. हा डबा ज्याने आखला त्याच्या घरी कोणी आजारीच पडत नाही का, असं वाटून मी मनातल्या मनात चरफडले. पण चिडायलाही अंगात त्राण लागतं.

असेच काही आठवडे गेले. परवा उतरताना अक्का म्हणाली, "आता एक खेप कमी करते बाई. दोनदाच येते."

"डॉक्टर काय म्हणाले, अक्का?"

"नगं करू म्हनले. त्येनला कुटं ह्यात बसून जायचं हाय?"

तिला समजवायला हवं होतं. काय सांगून समजवणार?

गुरुवार तिच्या डायलिसिसचा वार, पण अक्का नव्हती. तिच्या जागी मी बसले. इतकी दमले होते, तरी घर येईपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.