तुळस घातलेलं पाणी

तुळस चुरगळल्याचा वास आला की मला नायगावजवळचं आमचं घर आठवतं. अकरा वर्षांनी मी मस्कतहून परतलो होतो, तेही वडिलांशी भांडायला. सगळी जमीन त्यांनी थोरल्या भावाच्या नावे केली होती. पण आठ दिवसांपासून ते अंथरुणात नुसते डोळे मिटून पडले होते. मी आत जाताच बहिणीनं, आक्कानं, तुळस घातलेल्या गोदावरीच्या पाण्याची वाटी माझ्या हातात दिली. "तुझ्यातच जीव अडकलाय त्यांचा. तू पाज, मंग सुटतील." मी पाणी पाजायचं आणि त्यांनी जायचं! "आधी चमचा धुऊन आण," मी तिच्यावर ओरडलो. मग पाणी गार आहे म्हणालो, मग तुळस ताजी नाही म्हणालो. वडिलांनी डोळे किलकिले केले. "किती घासाघीस करून राहिलास रं? पाज की, लई तहान लागली." मी पाजलं. दोन चमचे त्यांनी गिळले, तिसरा गालावरून ओघळून उशीत जिरला. जमिनीचा राग माझ्या मनात आजही आहे. पण त्या वेळी मी चमचा भरत एवढंच म्हणत राहिलो, "घ्या आबा, अजून थोडं घ्या."