वरबघ्याच्या कानातला खडा

कल्पना करा, तुमच्यापुढे एक काळी बशी ठेवली आहे आणि तिच्यात चिमूटभर धुतलेली वाळू पसरली आहे. डोळे सूक्ष्मदर्शकाला लावायचे, बारीक ब्रश पाण्यात टेकवायचा आणि ओल्या टोकाने एकेक कण बाजूला सारायचा. शिंपल्याचा तुकडा आला, सारा बाजूला. गोगलगाय आली, तीही सारा. तुम्हाला हवा आहे माशाच्या कानातला खडा. हो, माशालाही कान असतो. तो डोक्याच्या आत असतो आणि त्यात चुन्याचे इवलेसे खडे असतात. मासा मरतो, मांस सडतं, हाडं पांगतात, पण खडा चिखलात लाखो वर्षं तग धरतो. त्याच्यावर एक खोबण असते. चालीवरून माणूस ओळखावा, तसं त्या खोबणीच्या वळणावरून माशाचं घराणं ओळखायचं. मान अवघडेल, डोळ्यांना पाणी येईल, आणि ही बशी संपली की दुसरी तयारच असेल.

हे काम पोटापाण्यासाठी करणारे थोडे आणि आवडीने करणारे त्याहून थोडे. संग्रहालयाच्या तळघरात बसणारी घार त्या दुसऱ्या थोड्यांतली. नजर तशी म्हणून नाव घार. ते नाव तिला दगड कापणाऱ्या करवतदादाने ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की हजेरीच्या वेळी कुणी खरं नाव घेतलं तर तीच मागे वळून बघायची.

घारीचं सगळं चित्त एका घराण्यात गुंतलं होतं. समुद्राच्या तळाशी वाळूत अंग पुरून बसणारा हा मासा. डोळे डोक्याच्या माथ्यावर, तोंड आभाळाकडे वासलेलं, चेहऱ्यावर कायमचा 'माझं कुणाला काही पडलेलं नाही' असा भाव. जवळून काही पोहत गेलं की वाळूतून उसळी घ्यायची आणि गट्ट करायचं. कल्ल्यामागे विषारी काटा, आणि घराण्यातले काही तर विजेचा झटकाही देतात. तळघरात सगळे त्याला वरबघ्या म्हणत.

या वरबघ्याची सोयरीक कुणाशी, यावर जाणत्यांत मोठी भाऊबंदकी होती. हाडं बघणाऱ्यांनी त्याला एका गटात बसवलं. मग जनुकं वाचणारे आले आणि म्हणाले, छे, हा तिकडचा नव्हेच. त्याच्या कपाटावरच्या गटाच्या नावाच्या पट्टीवर नवी पट्टी, तिच्यावर आणखी नवी, असं करता करता तिथे चांगला पुठ्ठा तयार झाला होता. घराणं वेगळं निघालं कधी हे कळलं, तर भांडण थोडं तरी सुटणार होतं. त्यासाठी हवा होता जुना पुरावा. पण जुन्या थरांत सबंध वरबघ्या मिळणं म्हणजे उंबराचं फूल. मिळालेच तर कानातले खडे.

खडा ओळखायचा तर शेजारी ठेवायला आजच्या माशाचा खडा लागतो. म्हणून घार बाजारातून माशांची डोकी आणायची, वेगळ्या पातेल्यात उकळायची आणि चिमट्याने खडे काढायची. सासूबाईंना हे पातेलं डोळ्यांसमोर नको असायचं. पाहुण्यांना त्या सांगायच्या, "लोकांच्या घरात सून येते, आमच्याकडे माशांची कानकोरणी आली." पण बाजारात वेगळ्या तोंडाचा मासा दिसला, तर तो सुनेसाठी पहिला उचलायच्या त्याच.

त्या दिवशी घारीपुढे विटांच्या मातीच्या खाणीतला गाळ होता, खाणीच्या अगदी तळच्या थरातला. तिथून आलेल्या मातीच्या गठ्ठ्याचा अर्धा भाग, कण सुटे व्हावेत म्हणून पेरॉक्साइडमध्ये भिजवून, चाळून, वाळवून झाला होता. तिसऱ्या की चौथ्या बशीत तिचा ब्रश थबकला. तिने कण उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. ती ओळखीची खोबण होती. ती उठली, तळघराच्या टोकापर्यंत जाऊन आली, पुन्हा बसली आणि पुन्हा बघितलं. खोबण तशीच होती. मग मात्र ती जिन्याकडे धावली.

मॅडम म्हणजे या विभागाच्या प्रमुख, पुराजीवशास्त्रात मुरलेल्या. त्या हातातला चहा घेऊनच खाली आल्या आणि डोळा लावल्यावर चहा विसरल्या. वरबघ्याच. आणि हा थर तर त्यांच्या तक्त्यातल्या सगळ्यांत जुन्या वरबघ्याच्या थराच्याही कितीतरी खालचा. करवतदादाही करवत बंद करून आला. तिघांच्या बोलण्याने तळघर दुमदुमलं. घराण्याचं वय एका फटक्यात वाढणार होतं.

मग मॅडमनी खडा पुन्हा बघितला आणि टेबलाकडे बघितलं. टेबलावर आजच्या खड्यांची पेटी उघडीच होती.

"घार, हा अगदी आजच्यासारखा दिसतो गं. ब्रश कुठला वापरलास?"

घारीने हातातल्या ब्रशाकडे बघितलं. सकाळी तिने पेटीतले खडे लावले होते ते याच ब्रशाने. ओल्या ब्रशाला कण चिकटतो, हे नव्याने येणाऱ्यांना तीच शिकवायची. जुना खडा एरवी तपकिरी असतो, पण पेरॉक्साइडने तोही फिका पडतो, तेव्हा रंग विचारून उपयोग नव्हता. आणि पेटीतून एखादा खडा गेला का, हे ती छातीठोकपणे सांगू शकत नव्हती.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की हा खडा आता छापता येणार नाही. त्यांनी पुढचं बोलायचं टाळलं, पण घारीला ते ऐकू आलंच. हा ब्रशावरून आला असेल, तर या टेबलावर तिने आजवर वेचलेल्या प्रत्येक खड्यावर कुणीही बोट ठेवणार होतं. इतक्या वर्षांचं काम एका ब्रशाच्या टोकाला लटकलं होतं.

घरी ताटात तिचा हात नुसता फिरत होता. सासूबाईंनी खोदून खोदून विचारल्यावर तिने सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मिठाचा चमचा साखरेत घातलास म्हणून मी तुला पहिल्याच महिन्यात बोलले होते. तेव्हा तोंड केवढं झालं होतं तुझं!" घारीला रडता रडता हसू फुटलं. मग त्यांनी विचारलं, सगळी माती धुतली का? आणि घार ताटावरून उठायचीच बाकी राहिली. गठ्ठ्याचा दुसरा अर्धा भाग कोठारात तसाच गुंडाळलेला होता. त्याला पाणी लागलं नव्हतं, ब्रश तर लांबच.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना त्या उरलेल्या मातीबद्दल सांगितलं आणि अट घातली. माती चाळायची नाही. मातीतच रुतलेला खडा दिसला पाहिजे, म्हणजे तो वरून पडला असं कुणी म्हणणार नाही. आजच्या खड्यांची पेटी कुलपात, टेबल वरच्या मजल्यावरचं, ब्रश कुणाच्याच हातात नाही. मॅडमनी लगेच मान डोलावली आणि स्वतःच बाह्या सरसावल्या.

करवतदादाने गठ्ठा उलगडला. माती पत्त्यांच्या जुडीसारखी पातळ थरांनी सुटत होती. तो सुरीच्या टोकाने एकेक पापुद्रा काढायचा, घार भिंगातून बघायची आणि मग मॅडम. शिंपले निघाले. खेकड्याच्या नांगीचं टोक निघालं. भलत्याच माशांचे खडे निघाले, प्रत्येक वेळी घार पुढे वाकायची आणि मागे सरायची. गठ्ठा झिजत झिजत मुठीएवढा उरला. करवतदादा म्हणाला, आता माझाच कान उपटून देतो, पण हिला कुणीतरी काहीतरी द्या.

पुढचा पापुद्रा सुटला आणि घार भिंगावर वाकली. राखी मातीत एक तपकिरी कड दिसत होती, निम्मी आत, निम्मी बाहेर. तिने भिंग मॅडमच्या हातात दिलं.

"खोबण दिसतेय," मॅडम म्हणाल्या. "रुतलेला आहे. घार, हा मातीतलाच आहे!"

करवतदादाने सुरी खाली ठेवली आणि टाळी देण्यासाठी दोन्ही हात पुढे केले, एक हिला, एक तिला. मॅडम तर खाणीच्या मालकाला फोन लावायला निघाल्याच, याच थराची आणखी माती मागायला. आजच्यासारख्या दिसणाऱ्या पहिल्या खड्याची आणि या खड्याची खोबण वळणावळणाने जुळत होती. म्हणजे त्या चिखलाच्या काळापासून या घराण्याने कान काही बदलला नव्हता.

घार मात्र भिंगाशीच होती. खड्याची खोबण ठसठशीत होती, पण कड गुळगुळीत, चघळलेल्या गोळीसारखी. अशी कड तिने आधीही पाहिली होती. मोठ्या माशाच्या पोटातल्या आम्लात राहून आलेल्या खड्यांची. मांस पचतं, हाडं पचतात, खडा झिजून बाहेर पडतो, आणि पडतो तो खाणारा जाईल तिथे. म्हणजे वरबघ्या इथल्या चिखलात राहत होता, की कुठल्या तरी लांबच्या वाळूतून कुणाच्या पोटात बसून इथवर आला होता?

तिने मातीचा उरलेला तुकडा जवळ ओढला.

"मॅडम," ती म्हणाली, "याला गिळलं कुणी?"