यंदा चारच शीलं

आमच्या वस्तीत भिक्खू क्वचितच येतात. लग्न, बारसं, पुण्यानुमोदन, पौर्णिमेची वंदना हे सगळं बौद्धाचार्य करतो, आणि दासगावजवळच्या आमच्या वस्तीचा बौद्धाचार्य गेली तीस वर्षं मी आहे. शिबिर करून मिळवलेलं काम. पोटासाठी पोलादपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त झालो. देव नाही, नवस नाही, अंगारेधुपारे नाहीत, हे सांगताना माझा आवाज चढतो असं घरचे म्हणतात. चढतोच. निम्मं आयुष्य ओरडण्यात गेलेला मास्तर हळू कसा बोलणार?

सुरुवातीलाच एक कबूल करतो. वाळवंटात दुसऱ्यांदा अणुचाचणी झाली ती नेमकी बुद्धपौर्णिमेला. मी तेव्हा नवाकोरा बौद्धाचार्य आणि त्याहून नवा विज्ञानशिक्षक. संध्याकाळी विहारात लोकांना पंचशील दिलं. प्राणिहत्येपासून दूर राहीन, हे त्यातलं पहिलं. मग महाडहून आणलेले पेढे वाटले आणि अणू कसा फुटतो ते उभ्याउभ्या समजावून सांगितलं. टाळ्या पडल्या. शील आणि पेढे एकाच बैठकीत, आणि कुणाला काही खटकलं नाही. मला तर नाहीच नाही.

परवाच्या उन्हाळ्यात सीमेवर गोळीबार सुरू झाला तेव्हा माझा पुतण्या तिकडेच होता. थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा. भाऊ औद्योगिक वसाहतीत कामाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनींनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबून पोराला वाढवलं. बारावी झाल्यावर तो भरतीला पळाला, आणि पळालाही असा की पहिल्या झटक्यात निवड. तो रोज संध्याकाळी आईला फोन करायचा. गोळीबार सुरू झाला त्या दिवसापासून फोन बंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. आत टीव्ही कुणी बघत नसतानाही बोंबलत होता. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "भावजी, आपल्याकडं हाय ना तो बॉम्ब?"

"आहे."

"मग टाकत का नाय? एकदाच टाकला का संपलं. माझं पोर घरी येल."

माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, वहिनी, समजा तो आपल्या महाडवर पडला. बाजारपेठ जागच्या जागी जळेल. दासगावात आपण भाजून निघू. वसाहतीतल्या रसायनांच्या टाक्या फुटतील तो हाहाकार वेगळाच. वारा वाहील तिकडे राख जाईल, पोलादपूरपर्यंतची खाचरं नासतील, पाचाडला प्यायचं पाणी उरणार नाही. सावित्रीत मासा राहणार नाही. जन्माला यायची आहेत ती मुलंसुद्धा यातून सुटत नाहीत. आणि तिकडेही अशीच गावं आहेत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आमसुलं उलटायची थांबली नाहीत. मग म्हणाल्या, "आनि नाय टाकला, नि माझं पोर गेला तर?"

मी घरी यायला निघालो. वाटेत एक गोष्ट झाली, ती आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. मी मनाशी विचारलं, बटण तुझ्या हातात असतं तर? आणि आतून लगेच आलं, टाका. विचारबिचार काही नाही, सरळ टाका. मी रस्त्यातच उभा राहिलो. इतकी वर्षं ज्याच्या तोंडून लोक शील घेतात तो माणूस हाच का, तेच कळेना. मला स्वतःची भीती वाटली.

पुढे गोळीबार थांबल्याची बातमी आली, पण फोन आला नाही. आणि बुद्धपौर्णिमा उजाडली. विहारात पताका लावत होतो तेव्हा वहिनी आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, यंदा चारच द्या."

"चार काय?"

"शीलं. पयलं नको. मी इथं म्हनायचा, हत्या करनार नाय, नि तिकडं त्याचा हात आखडला तर? समोरचा काय थांबनार हाय?"

एरवी मी चिडलो असतो. शील म्हणजे काय गंडादोरा आहे, इथे बांधला की तिकडे लागू पडायला? हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण त्यांचे डोळे किती दिवस मिटले नव्हते ते दिसत होतं. शिवाय, त्या पहिल्या शीलावरून कुणाला झापायचं तोंड मला कुठे होतं? मी बघतो म्हणालो.

संध्याकाळी विहार भरला. त्रिसरण झालं. आमच्यात मी एकेक शील आधी म्हणतो आणि लोक मागून म्हणतात. माझ्या मनाचं काही केल्या ठरेना. पहिलं गाळलं तर धम्माशी बेइमानी, दिलं तर त्या बाईशी. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते दुसरं, चोरी न करण्याचं.

आता गंमत बघा. लोकांनी मी काय म्हणालो ते ऐकलंच नाही. त्रिसरणानंतर पहिलं शील, हे जिभेला इतकं पाठ की सगळ्या विहारानं हात जोडून, डोळे मिटून, एका सुरात पहिलंच म्हटलं. पुढच्या रांगेत बसलेल्या वहिनींनीही म्हटलं. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर तोंडावर दाबला. मी दुसरं पुन्हा म्हणालो, आणि तिसरं, चौथं, पाचवं उरकलं. खीर वाटायच्या आधीच त्या मला दाराशी गाठून उभ्या.

"भावजी, माज्या तोंडातून गेला वो."

मी म्हणालो, "मी दिलंच नव्हतं. बौद्धाचार्यानं दिल्याशिवाय शील लागत नाही."

असा काही नियम नाही. खोटं न बोलण्याचं चौथं शील देऊन मला पाच मिनिटंही झाली नव्हती. पण त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी वाटीभर खीर खाल्ली. मी बरं केलं की वाईट, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

दोन दिवसांनी फोन आला. पोरगा सुखरूप होता. वहिनी धावत आमच्याकडे आल्या आणि पहिलं वाक्य, "बरा झाला तुमी तो दिला नव्हता." मी हो हो म्हणालो. माझ्या खोट्याची अशी श्रद्धा झाली. देवभोळेपणावर व्याख्यानं देणाऱ्या माणसाला याहून मोठी चपराक कोणती?

लावणी संपत आली तेव्हा पोरगा सुट्टीवर आला. रोड झाला होता, बोलणं मात्र पहिल्यासारखंच. वहिनींनी मला जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी. त्याला तिकडचं फार विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण राहवलं नाही. विचारलं, "काय रे, इकडे टीव्हीवर सगळे अणुबॉम्ब, अणुबॉम्ब करत होते. तुम्हाला काय वाटायचं?"

तो हसला. "काका, आमाला कोन विचारतो? आमी पोस्टवर. समोरच्यांची पोस्ट दिसायची आमाला. तो पडला असता ना, इकडून नायतर तिकडून, तर सगळ्यात आधी आमीच. टेन्शनच नाय, राख पन मिळाली नसती."

आणि त्यानं भाकरी मोडली.

वहिनींची तव्यावरची भाकरी करपू लागली. त्या पोराकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. "भावजी, तुमी मला महाड सांगितलात. दासगाव सांगितलात. पोलादपूर सांगितलात. हा कुटं उभा हाय ता का नाय सांगितलात?"

मला ते सुचलंच नव्हतं. मी विज्ञान शिकवलेला माणूस, राख कुठवर उडेल ते गावांच्या नावांनिशी सांगितलं आणि आमचं पोर कुठे उभं आहे ते डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी वाटेत मी मनात टाका म्हणालो, ते याच्यावर टाका म्हणालो होतो. पोरगा आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

वहिनींनी चुलीतली लाकडं मागे ओढली, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "पयला शील द्या मला. आता, हितंच."

मीही उठून हात धुतले. शब्द सगळे आठवत होते. पण ते आधी म्हणायला माझं तोंड उघडेना.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही म्हणा. मी मागून म्हणतो."