ठोकेमास्तरांनी टाइप केलेली नात

आमच्या खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टला सगळे ठोकेमास्तर म्हणतात. उभा जन्म कचेरीत कार्बन घालून ढीगभर प्रती काढण्यात गेला, त्यामुळे बोट म्हणून हलकं पडत नाही. त्यांच्या पूर्णविरामाने कागदाला भोक पडायचं आणि साहेब त्यांच्या नावाने खडे फोडायचे. निवृत्त झाल्यावर भंगारात निघालेलं मशीन त्यांनी घरी आणलं आणि अक्षरांची चित्रं काढायला लागले. केसांच्या जागी क्ष आणि म एकावर एक, गालाच्या कडेला नुसती टिंबं. लांबून बघितलं की म्हणे हुबेहूब माणूस दिसतो. म्हणे, कारण माझे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली.

तिकडे लांब लेकीला मुलगी झाली. फोनवर फोटो आला. जो तो "अय्या, किती गोड!" करतोय आणि मी काचेवर बोट फिरवतेय. गुळगुळीत! गोड म्हणजे कशी, ते एकाला धड सांगता येईना. नातीचं तोंड कळावं म्हणून माझा जीव नुसता तुटत होता.

मास्तरांनी फोटो मागून घेतला. मग खालून खडखडाट सुरू, डोकं उठलं माझं. एका दुपारी स्वतःच वर आले.

"वहिनी, बघा, तुमची नात!"

"कशाने बघू, मास्तर? डोकं ठिकाणावर आहे ना?"

बिचारे विसरलेच होते. "चुकलंच माझं," म्हणाले. मी रागाने कागद ओढला, चुरगळणारच होते, तेवढ्यात मागच्या बाजूने बोटांना काहीतरी खरखरीत लागलं.

"अगं बाई! हे काय?"

"तिचे केस," ते म्हणाले. माझं बोट धरून त्यांनी हळूहळू खाली नेलं. कपाळ. मिटलेले डोळे. इवलंसं नाक. मागून सगळं उलटं लागतंय म्हणून त्यांनी दुसरं चित्र मुद्दाम उलटं टाइप केलं, मागून सुलटं लागावं म्हणून, खास बोटांसाठी, दाबून. या माणसाचे उपकार मी कसे फेडू, सांगा!

रविवारी लेकीचा फोन आला. "आई, सगळे म्हणतात माझ्यावर गेलीय."

"काहीतरीच! नाक तेवढं तुझं. हनुवटी तुझ्या बाबांची, मधे खळगा आहे बघ."

ती रडायला लागली. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं?" मी म्हटलं. "मी पाहिलं तिला."