एव्हिसचे एकशे सत्तेचाळीस

रोझबेरी गावच्या क्लबात वाद निघाला की कोणीतरी म्हणायचंच, "नोलीनला विचारा." मग नोलीन वायनी पुढ्यातली गरम चिप्सची बशी बाजूला सारायची, चष्मा डोक्यावरून नाकावर आणायची आणि उठायची. चिप्स गार होणार हे तिने केव्हाच गृहीत धरलं होतं.

वाद बहुधा भिंतीवरच्या विजेच्या डार्टबोर्डावरून असे. पूर्वी साधा बोर्ड होता. बाजूच्या पाटीवर खडूने हिशेब मांडायचे, आणि चुकला तर खडूवाल्याला शिव्या घालायच्या. नवं मशीन आल्यावर सगळ्यांना वाटलं, आता हिशेब तेच करणार, भांडणं मिटली. झालं उलटंच. मशीनमध्ये तीसेक खेळ होते, प्रत्येकाला पोटनियम होते, आणि रोझबेरीत जस्ताच्या खाणीत जन्म काढलेली माणसं बटणं दाबताना लहान मुलांसारखी वागत. पाचशे एक हा खेळ लावायचा तर क्रिकेट नावाचा डार्टचाच दुसरा खेळ लावत, क्रिकेट लावायचं तर त्याचा उलटा प्रकार लावत, ज्यात आपले गुण दुसऱ्याच्या डोक्यावर जातात आणि ज्याच्याकडे सर्वांत जास्त तो हरतो. मशीनबरोबर नियमांची जाडजूड पुस्तिका आली होती. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी एकटी नोलीन. पोस्टाच्या खिडकीमागे उभं आयुष्य गेलं होतं तिचं, छापलेलं वाचायची सवय होती.

नोलीनचा हात चांगला होता. तिच्या वयाच्या बाईचा असतो त्याहून चांगला, आणि तिच्याहून निम्म्या वयाच्या पुष्कळ पुरुषांपेक्षाही. तरी दारावरच्या मानाच्या फळीवर, जिथे दरवर्षीच्या विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत चढतात, तिथे तिचं नाव नव्हतं. तिच्या नवऱ्याचं, लेनचं, दोनदा होतं, हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोल्सच्या खेळात. लेन गेल्यालाही बरीच वर्षं झाली. नोलीनला ते नाव हवं होतं. हे ती कोणाजवळ बोलली नव्हती, पण आत शिरताना तिची नजर फळीकडे जायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

आड येत होती एव्हिस.

एव्हिस ही लेनची बहीण, म्हणजे नोलीनची नणंद, शेजारच्याच घरात राहणारी. क्लबातल्या जोड्यांच्या स्पर्धेत तिच्याबरोबर खेळायला कोणी तयार नसे, म्हणून नोलीन खेळे. एव्हिस मनाने साधी, हाताने सढळ, आणि नियमांच्या बाबतीत पालथा घडा. उलट्या क्रिकेटमध्ये आपल्या नावावर गुण साचताना पाहून ती टाळ्या पिटायची.

"अगं, ते गुण वाईट आहेत!"

"वाईट कसे? सगळ्यांत जास्त माझेच आहेत."

"म्हणूनच!"

"आणि याला क्रिकेट का म्हणतात गं? यात बॅट कुठाय?"

"एव्हिस, खेळ तू."

पण क्रिकेटचं सोडा. जोड्यांच्या स्पर्धेत पाचशे एक खेळतात, आणि त्यात एक नियम आहे, गोठण्याचा. चौघेही आपापले पाचशे एक उतरवत शून्यावर यायचं, नेमकं शून्यावर. जो आधी आला त्याची जोडी जिंकली. मात्र तुमच्या जोडीदाराचे उरलेले गुण समोरच्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त असतील, तर तुम्ही गोठलात. तुम्हाला संपवायची परवानगी नाही. संपवलंत तर जोडी हरली. एका चांगल्या खेळाडूने लंगड्या जोडीदाराला मागे टाकून पळू नये, यासाठी केलेला नियम आहे हा.

नोलीनचा निम्मा जन्म या नियमात गोठून गेला होता. ती दोनवर, चारवर येऊन उभी राहायची, मुद्दाम डार्ट बोर्डाबाहेर भिंतीवर मारायची, आणि मागे एव्हिस अजून तीनशेत चाललेली असायची. दर गुरुवारी नोलीन नियम समजावून सांगे, दर गुरुवारी एव्हिस मान डोलावे, आणि पुढच्या गुरुवारी विचारे, "तू भिंतीवर का मारतेस गं? दुखतोय का हात?"

त्या हिवाळ्यात मात्र दोघी अंतिम फेरीत पोचल्या. कशा पोचल्या ते नोलीनलाही कळलं नाही. समोर रसेल क्रोच आणि त्याची बायको लिओनी. दोन डाव झाले, एकेक वाटून. तिसरा निर्णायक. बाहेर नेहमीचा पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि क्लब भरलेला होता, कारण बक्षिसाच्या मटणाच्या ट्रेची सोडतही तेव्हाच होती. क्लबचा कारभारी गॅव्हिन एका हाताने सोडतीची तिकिटं ओढत होता, दुसऱ्या हाताने त्याने मशीन लावून दिलं.

नोलीन त्या दिवशी सुंदर खेळली. वीसवर आली. एव्हिसही, देवाची करणी, फारशी मागे नव्हती. तिने तीन डार्ट मारले, डार्ट काढले, आणि पाळी बदलायचं बटण न दाबता परत येऊन खुर्चीत बसली. लिओनी रेषेवर येऊन हात उचलणार, तोच नोलीन ओरडली, "थांब! अजून एव्हिसचाच आकडा आहे वर!"

"अरे बापरे," एव्हिस म्हणाली. "मी दाबलं नाही का?"

"कधी दाबलंयस? तिने मारले असते तर ते तुझ्या नावावर गेले असते, आणि मग निम्मा तास वाद. एक बटण, एव्हिस! लाल, एवढं मोठं!"

"मला वाटलं, ते आपोआप होतं."

"आपोआप फक्त चिप्स गार होतात."

रसेल हसला. लिओनीने बटण दाबून आपले तीन मारले. नोलीन रेषेवर आली ती अजून पुटपुटत. एरवी ती दर वेळी चारही आकडे वाचून मनात बेरीज करायची, मशीनवर कधी विसंबायची नाही. गोठल्याची सूचना देणारा एक छोटा दिवा मशीनला आहे, पण तिने तो कधी विचारात घेतला नव्हता. आज डोकं तापलेलं होतं. तिने फक्त दिव्याकडे पाहिलं. दिवा लागलेला नव्हता. तिने वीस मारला. पहिल्याच डार्टला.

मशीनने ते आपलं बेसूर बिगुल वाजवलं. क्लबात आरडाओरडा झाला. कोणी तिच्या पाठीवर थाप मारली, कोणी बिअरची ऑर्डर दिली. रसेलने हात पुढे केला. "नोलीन, आता चढणार गं नाव फळीवर!" आणि नोलीन हसली. तशी हसताना तिला रोझबेरीने फारसं पाहिलेलं नव्हतं.

एव्हिस तेवढी बोर्डासमोर उभी राहून आकड्यांकडे पाहत होती. ओठ हलत होते.

"नोलीन," ती म्हणाली, "माझे एकशे सत्तेचाळीस उरलेत."

"असू देत. संपलं आता."

"नाही, पण रसेलचे सत्तर. लिओनीचे चौऱ्याहत्तर. म्हणजे एकशे चव्वेचाळीस." तिने आनंदाने सगळ्यांकडे पाहिलं. "म्हणजे तू गोठलेली होतीस!"

जवळच्या टेबलांवरची बडबड थांबली. गॅव्हिन तिकिटं हातात घेऊन मशीनपाशी आला, वाकला, आणि त्याचा चेहरा पडला. गोठण्याचा नियम चालू करायचं बटण त्याने दाबलंच नव्हतं, मग दिवा लागणार कुठून.

"माझी चूक," तो म्हणाला. "पण मशीनने डाव दिलाय ना तुम्हाला. आणि तूच म्हणतेस की, मशीन म्हणेल ते खरं. गेल्या वर्षी रसेलचा डार्ट बोर्डाला लागून खाली पडला तेव्हा तूच म्हणालीस, मशीनने मोजला नाही म्हणजे नाही."

"म्हणालीच होतीस तू," रसेल म्हणाला. "मी दोन आठवडे बोललो नव्हतो तुझ्याशी. पण सोड, आमची काही हरकत नाही. लिओनी, आहे का?"

लिओनीने खांदे उडवले. हरकत होती, दिसत होतं.

सगळे नोलीनकडे पाहत होते. नेहमीसारखेच, निकाल ऐकायला. तिला हवं असतं तर एक शब्दही बोलायची गरज नव्हती. नुसता बिअरचा ग्लास उचलला असता तरी भागलं असतं.

"डार्ट लागला की नाही, ते मशीनने सांगावं," ती शेवटी म्हणाली. आवाज चिडका होता. "कोण जिंकलं, ते नियम सांगतो. एव्हिसचे तीन जास्त आहेत. डाव रसेल-लिओनीचा. गॅव्हिन, पुढच्या वेळी सोडत उरकून मग मशीनला हात लाव."

तिने ग्लास लिओनीच्या हातात दिला आणि कोट घेतला.

गाडीत वायपर चालू होते तरी काच धूसर. एव्हिस मांडीवर पर्स घेऊन बसली होती, चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या मुलीचं तेज.

"बरोबर सांगितलं ना मी?"

"हो."

"एका फटक्यात बेरीज केली. कागद नाही, काही नाही."

"हो, एव्हिस."

"तू खूश दिसत नाहीस."

नोलीनने गिअर टाकला तो खाडकन. "इतकी वर्षं! इतकी वर्षं दर गुरुवारी तुला घसा फोडून सांगतेय. एका गुरुवारी डोक्यात शिरलं नाही. आणि शिरलं ते कधी? आज? आजच? तू आज गप्प बसली असतीस तर कोणाच्या बापाला कळलं नसतं!"

एव्हिसने मांडीवरची पर्स सरळ केली.

"तुला कळलं असतं की," ती म्हणाली. "घरी जाऊन तू आकडे आठवत बसली असतीस. लेन म्हणायचा, तू झोपेतही बेरजा करतेस. मग पहाटे माझं दार वाजवलं असतंस."

नोलीनने बाहीने आतून काच पुसली. टेकडीवरचं वळण आलं.

"तीनच कमी पडले," एव्हिस पुटपुटली. "मी तो शेवटचा डार्ट जरा वर मारला असता तर—" तिने पर्स उघडली, आत चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि हळूच पर्स मिटली.

"काय?" नोलीनने विचारलं.

"काही नाही."

"एव्हिस."

"माझे डार्ट क्लबातच राहिले वाटतं."

नोलीनने एक लांब श्वास घेतला, आरशात मागे पाहिलं आणि गाडी वळवली.