काकूंना जरा सांभाळून

"जोर लाव. मी पापड नाही."

हे ती गादीवर उताणी पडून म्हणायची. अंगावर पंचविशीतला एखादा दांडगा, आणि ही खालून त्यालाच दम देतेय. तो बिचारा आणखी सैल व्हायचा. मग ती चिडून त्याच्या दंडाला चिमटा काढायची. चिमटा तिथल्या नियमात बसत नाही, पण साठीला टेकलेल्या बाईला ते सांगणार कोण?

लालबागला आमच्या चाळीमागे जुनी व्यायामशाळा आहे. तिच्या वरच्या मजल्यावर ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास चालतो. मी तिथल्या गाद्या पुसते. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांना सांगते. यात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. जाड सुती डगले घालून एकमेकांना धरायचं, खाली पाडायचं, आणि हात नाहीतर मान अशी अडकवायची की समोरच्याला हलता येऊ नये. अडकलेल्याने हाताने दोनदा थोपटायचं. थोपटलं की लगेच सोडायचं. इतकी वर्षं पाहून मला एवढंच कळलंय.

ती परळच्या एका इस्पितळात नर्स होती. निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात जिना चढून वर आली. मी तिला शेजारची म्हणून ओळखत होते. म्हटलं, "अगं, काय धाड भरलीय तुला?"

"मावशी, पडायला शिकायचंय."

मला वाटलं थट्टा करतेय. पण तिथे खरंच आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात गादीवर आपटायचा. ती म्हणाली, "वॉर्डात किती म्हातारी माणसं न्हाणीत पडून आलेली बघितली. खुबा मोडलेला. त्यांना कुणी पडायला शिकवलंच नव्हतं."

शिकणं मात्र फार हळू. विशीतल्यांना एकदा दाखवलं की जमायचं. हिला आज जमलेलं परवा आठवायचं नाही. गुडघा पुरता वाकायचा नाही. बोटांची पेरं सुजायची, ती चिकटपट्टीत गुंडाळून यायची. सगळा राग स्वतःवर. "शंभर किलोचा पेशंट कुशीवर वळवत होते मी. या हडकुळ्याला वळवता येत नाही."

विसरू नये म्हणून माझ्यावर सराव. मी फडका पिळत असले की मागून यायची. "मावशी, हात दे जरा." हात द्यायचा अवकाश, माझं कोपर तिच्या काखेत.

"दुखलं की थोपट."

"थोपटत नाही जा. सोड, नाहीतर बादली ओतीन."

सोडायची आणि हसायची. मला राग यायचा. घरची कामं टाकून बाई या वयात काय करतेय, असं वाटायचं. तरी दुसऱ्या दिवशी मी हात द्यायचेच.

तिथे पहिल्यांदा पांढरा पट्टा असतो, मग निळा. निळ्याला वर्षं लागतात. येताजाता मला "जय भीम, मावशी" म्हणणारी ती. निळ्या पट्ट्याचं तिला काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणायची, "निळा बांधणार. पण मिळवून."

दुसऱ्या वर्षी तिची बरगडी दुखावली. दीड महिना घरी बसली. परत आली त्या दिवशी मी तिला जिन्यात पाहिलं. मधल्या वळणावर कठडा धरून उभी होती, डोळे मिटलेले, तोंडाने श्वास. मी बादली ठेवली आणि सरळ सरांकडे गेले. सर म्हणजे पस्तिशीचा माणूस. शिकवतो चांगलं, पण भिडस्त.

म्हटलं, "तुझ्या पोरांना सांग, काकूंना जरा सांभाळून. हाडबिड मोडलं तर तिच्या मुलीला तोंड कोण दाखवणार? तू का मी?"

मायेने सांगितलं असं मी म्हणणार नाही. जिन्यात ती तशी मला बघवली नाही, बस.

दुसऱ्या दिवसापासून ती जिंकायला लागली.

तिने मान धरली की पोरं थोपटायची. नुसती कॉलर धरली तरी थोपटायची. आठवडाभर ती खुशीत होती. मग गप्प झाली. एका संध्याकाळी मी गाद्या पुसत होते, ती भिंतीला टेकून बसली होती.

"मावशी, आज माझी पकड बसलीच नव्हती. त्याने का थोपटलं?"

"बसली असेल."

"तीस वर्षं पेशंट बघितले मी. त्याचा श्वाससुद्धा चढला नव्हता." बोटांची पट्टी ती सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. "घरी मुलगी सिलिंडर हलवू देत नाही. बसमध्ये पोरं उठून जागा देतात. माझ्यात किती उरलंय ते मला कळायला नको? ते कळायला ही एकच जागा होती."

खरं सांगायची वेळ ती होती. मी फडका मारत राहिले.

तिला साठ झाली तेव्हा सरांनी सत्कार ठेवला. आपल्याकडे माणूस साठीचं झालं की त्याने काही केलेलं असो नसो, सत्कार होतो. गाद्यांवर खुर्ची मांडली. ताटात शाल, नारळ आणि घडी घातलेला निळा पट्टा. शाल पांघरून झाली आणि सर बोलायला उभे राहिले.

"काकू आमच्या क्लासची प्रेरणा आहेत. आणि मावशींचेही आभार. त्यांनीच सांगितलं होतं, काकूंना जरा सांभाळून. तेव्हापासून आम्ही सगळे त्यांना फुलासारखं जपतो."

टाळ्या पडल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि सगळ्यात दांडगा होता त्याला बोलावलं. "ये. आज खरं धर."

त्याने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "काकू, आज वाढदिवस आहे."

"म्हणून तर म्हणतेय." ती गादीवर उताणी झाली. "बस वर."

तो बसला. पण सगळा भार स्वतःच्या गुडघ्यांवर, तिला नखही लागणार नाही असा. ती छताकडे बघत तशीच पडून राहिली. मग तिने हात उचलला आणि त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं. त्याने काही केलंच नव्हतं.

उठली, डगल्याच्या सुरकुत्या काढल्या, ताटाजवळ गेली. पट्ट्याला हात लावला नाही.

"नारळ नेते," सरांना म्हणाली. "तो खरा आहे."

त्यानंतर ती आली नाही. मी दोनदा तिच्या घरी गेले. दोन्ही वेळा मुलगी म्हणाली, आई बाहेर गेलीय. इकडे सर मला अजून विचारतो, मावशी, काकू का रागावल्या? आम्ही तर चांगलंच वागलो. वाईट माणूस नाही तो, तीच तर अडचण आहे. त्याला समजावताना माझंच डोकं फिरतं, कारण सुरुवात माझी.

परवा दादरच्या भाजीबाजारात दिसली. मी वाटाणे निवडत होते. मागून "जय भीम, मावशी." वळून बघते तर हिचा एक कान सुजून कारल्यासारखा झालेला, गादीवर घासून जुन्या पोरांचा होतो तसा.

"कुठे असतेस गं?"

"जाते एके ठिकाणी. शीवच्या बाजूला."

"त्यांना वय सांगितलंस?"

"फॉर्मवर लिहिलंय. वाचलं नाही कुणी." तिने बाही वर केली. दंडावर हिरवा-जांभळा डाग. नवी पाटली दाखवावी तसा दाखवला. "तेवीस वर्षांची मुलगी आहे. परवा एका संध्याकाळी चार वेळा थोपटायला लावलं तिने मला. चौथ्या वेळी जरा वेळ लागला तिला."

"आणि पट्टा?"

"पांढरा. पहिल्यापासून."

"क्लासचं नाव काय?"

तिने बाही खाली केली. राग नव्हता चेहऱ्यावर. असता तर मी भांडले असते.

"तुला नाही सांगणार. तू येशील, मला कुठेतरी दमलेली बघशील, आणि आत जाऊन त्यांना सांगशील."

"नाही सांगणार."

"सांगशील, मावशी."

तिने माझ्या वाटाण्यातल्या दोन किडक्या शेंगा काढून टाकल्या आणि निघाली. डावा पाय ओढत होती. पुढे फुटपाथ उखडलेला होता, वर केळीच्या पानांचा चिखल. ती तिथून कशी जाते ते बघत उभी राहिले असते, तर तोंडातून पुन्हा काहीतरी निघालं असतं. मी पाठ फिरवली आणि कोथिंबिरीचा भाव विचारला.