न धरलेला रविवार

अमेरिकेतल्या सू फॉल्स शहराच्या हमरस्त्यावर लव्हॉन शेफरचं आठ खोल्यांचं मोटेल होतं. नवरा गेल्यापासून चादरी बदलण्यापासून बर्फ उपसण्यापर्यंत सगळं तीच बघायची. चर्चमधल्या बायका टोमणा मारायच्या, "तुझी सात नंबरची खोली बरी भरलेली असते गं!" सात नंबरात पोट पाडायला आलेल्या बायका उतरत. दवाखान्यात डॉक्टर आधी पोटातल्या गर्भाबद्दल सरकारने ठरवून दिलेला मजकूर वाचून दाखवी, मग तीन दिवस विचार करायला सोडून देई. शनिवार, रविवार आणि सुट्टी त्यात धरत नसत. त्या दिवशी बायकांचं डोकं बंद असतं, असं सरकारला वाटत असावं.

लव्हॉनने त्या दवाखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण तो मजकूर तिला तोंडपाठ होता. तिची खोली सात नंबराला लागून, मधली भिंत पातळ. दुपारी डोळा लागला की पलीकडची बाई झोपेत पुटपुटायची, "हा एक संपूर्ण, वेगळा, जिवंत माणूस आहे." बाई बदले, शब्द तेच, आवाजसुद्धा तोच. लव्हॉनच्या अंगावर काटा यायचा.

फेब्रुवारीत डेला आली, पश्चिमेकडच्या कुरणांतून दिवसभर गाडी हाकत. घरी दोन पोरं, नवरा परागंदा. तिने गुरुवारी मजकूर ऐकला. मधे सोमवारची सुट्टी, म्हणून थेट बुधवारी बोलावलं. तिसरं पोर तिला झेपणारच नव्हतं, आणि दवाखाना जितक्या आठवड्यांपर्यंत पोट पाडून देई, ती मुदत त्या बुधवारनंतरच्या रविवारी संपत होती.

"केक खा गं थोडा, कालपासून उपाशी आहेस," लव्हॉन म्हणाली.

"पोट भरलंय, बाई," डेला म्हणाली आणि कसनुसं हसली.

बुधवारी बर्फाचं वादळ सुटलं. डॉक्टर शेजारच्या राज्यातून विमानाने यायचा. विमान उडालंच नाही. दवाखान्यातून फोन आला, पुढच्या आठवड्यात या.

"तोवर मुदत संपते माझी," डेला म्हणाली. "म्हणजे विचार करायला रविवार धरत नाहीत, आणि मुदत संपायला बरा चालतो होय?"

लव्हॉनला सरकारचा संताप आला, चर्चचा आला, स्वतःचाही आला.

वादळ निवळल्यावर डेला गाडीत बसली. पट्टा पोटावरून ओढताना तिचा हात थबकला. मग ती निघून गेली.

लव्हॉन सात नंबरात पलंग आवरायला शिरली. खोली रिकामी होती, तरी तीच पुटपुट ऐकू येत होती. तिने भिंतीला कान लावला. न्हाणीघरात डोकावली. पलंगाखाली वाकून पाहिलं. शेवटी घाबरून तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला, आणि आवाज थांबला.